मोगरीचा भाव

पदूला वाटले होते, पोरगी गाडी बघून खूश होईल. समिधा पनवेलहून सकाळच्या एसटीने आली, पिशवी ओटीवर टाकून तशीच घरामागच्या शेडात गेली, ताडपत्री बाजूला केली आणि कपाळाला हात लावून पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली.

"पप्पा, हे काय करून ठेवलंत?"

"का गं? चांगली दिसत नाय?"

शेडात येसाजी बडेकरांची मोगरी उभी होती. चौसष्ट सालची ट्रायम्फ स्पिटफायर, दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला लागून चालणारी विलायती गाडी. येसाजी जाऊन सोळा वर्षे झाली, तरी भिसेगावात ती अजून त्यांचीच म्हणून ओळखली जाई. शुक्रवारपर्यंत ती नाकापासून शेपटापर्यंत पांढरी होती. म्हणजे दुधावरच्या सायीसारखी जरा पिवळट, आणि जवळून पाहिले तर अंगभर बारीक चिरा. आता तिचे नाक, बॉनेट आणि अख्खी डावी बाजू पोस्टाच्या पेटीसारखी लालभडक झाली होती. उजवी तेवढी राहिली होती, कारण काल दुपारी नेमकी लाइट गेली, रंगाऱ्याचा कंप्रेसर बंद पडला आणि तो 'उद्या येतो' असे सांगून कर्जतला पळाला.

"आज येतो म्हणालाय," पदू म्हणाला. "दुपारच्या आत दुसरी बाजू करून देतो. तुजी ती गिऱ्हाईक यायच्या आत."

"त्याला फोन करा आणि सांगा, येऊ नकोस. पाऊलसुद्धा टाकू नकोस म्हणावं इथे."

समिधाचे कामच मुळी गाड्या पाहण्याचे होते. पनवेलला विमा कंपनीसाठी ती ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि नुकसानीचा आकडा काढायची. मोगरीचे फोटो काढून जुन्या गाड्यांच्या जाणकारांना दाखवण्याची कल्पना तिचीच, आणि ठाण्याच्या हर्षला राजेंना शोधून काढले तेही तिनेच. हर्षलाताईंचे जुन्या गाड्या दुरुस्त करायचे मोठे गॅरेज होते. फोटो पाहून त्यांनी फोनवर सांगितले होते, गाडी अशीच असेल तर सोळा लाखांपर्यंत विचार करेन, रविवारी येते. त्या 'अशीच' या शब्दावर समिधाने तेव्हाच बापाला दोनदा बजावले होते. पण पदूने ऐकला फक्त सोळा हा आकडा, आणि त्याच्या मनात होते बावीस. मधले सहा लाख कुठून आणायचे याचा त्याने चार दिवस विचार केला, आणि त्याला सुचला तो रंग.

"अगं, बैल बाजाराला काढायचा तर आपण काय करतो?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "शिंगं तासतो, हिंगूळ लावतो, अंग घासतो, गळ्यात नवी घुंगरमाळ घालतो. तसाच मळका नेला तर गिऱ्हाईक म्हणंल, यांच्याच घरात खायला नाय, बैलाला काय घालत असतील."

"बैलाचं कातडं कोणी मूळचं आहे का विचारत नाही पप्पा! गाडीचं विचारतात. कारखान्यातून निघताना लागलेला रंग साठ वर्षं टिकला होता तिच्यावर. नवा रंग कोणीही, कधीही मारील. तो जुना एकदाच असतो."

"म्हंजे मळकी गाडी महाग नि सजवलेली स्वस्त?"

"हो."

"उलटाच न्याय हाय तुमचा."

एवढ्यात पदूची बायको जिजा चहाचे कप घेऊन आली. रंगाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यांतून लाल रंग बोट ठेवून निवडला होता तो जिजाने. पण आल्या आल्या तिने लेकीचे तोंड पाहिले आणि वारा कुठून वाहतोय ते ओळखले.

"मी यांना म्हटलं हुतं," ती म्हणाली.

"काय म्हटलं हुतं तू?" पदू उसळला. "लाल बरा दिसंल असं तूच म्हणालीस!"

"बरा दिसंल म्हटलं. लावा असं कुटं म्हटलं?"

पदूने चहाचा कप घेतला आणि तो मोगरीच्या पांढऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिकडून तरी ती अजून आपली वाटत होती.

बावीस हा आकडा त्याने हवेतून पकडलेला नव्हता. शर्यतीच्या बैलांची पहिल्या नंबरची जोडी हल्ली बावीस लाखांच्या आत कोणी सोडत नाही, हे त्याने चार ठिकाणी विचारून घेतले होते. आणि मोगरी आली होती तीच मुळी जोडीच्या बदल्यात. येसाजींचे लाल्या आणि मोगऱ्या म्हणजे खालापूर ते कर्जत, ज्या माळावर उतरतील त्या माळावरचा निकाल आधीच ठरलेला. अठ्ठ्याहत्तर साली येसाजींनी ती जोडी नेरळजवळ वाडी असलेल्या रुस्तमशेठांना दिली आणि ही गाडी घेऊन ते घरी आले. शेठचा बंगला होता वर माथेरानला. तिथे मोटारीला मज्जाव, म्हणून ही सुंदरी पायथ्याला नुसतीच उभी असे. तालुक्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. येसाजीने वारा दिला आणि डबा घेतला, असे लोक तोंडावर म्हणत. पांढऱ्या मोगऱ्याच्या बदल्यात आलेली म्हणून कोणीतरी खवचटपणे तिला मोगरी म्हटले आणि तेच नाव राहिले.

पदू तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि त्या डब्यावरून त्याने इतक्या मारामाऱ्या केल्या की येसाजींनी त्याला काही दिवस बाजारात पाठवायचेच बंद केले. पुढे तो रेल्वेत लागला, लग्न झाले, पोरगी झाली, रिटायर झाला. पण कोणी 'डबा' म्हटले की कान अजून तापायचे. बाप मूर्ख नव्हता, हे एकदा आकड्यात सिद्ध करायचे होते त्याला. जोडीला जोडीचा भाव मिळाला की झाले. मोगरी विकायला तो तयार झाला होता तो निम्मा याच कारणासाठी.

दुसरे निम्मे कारण तेवढ्यात शेडात आले. त्याची धाकटी बहीण शकू कमरेला पदर खोचून, दोन्ही हात चुन्याने पांढरे करून दारात उभी राहिली.

"अगं बया! लाल केलीस व्हय रं दादा? काय झाक दिसते!"

पदूचा जीव भांड्यात पडला. "बग! हिला कळतं."

"आत्या, तू तरी नको गं," समिधा म्हणाली, आणि तिने रंगाचे सगळे प्रकरण आत्याला पहिल्यापासून समजावले. लाल बाजू उतरवायला किती खर्च येईल, त्यात जुना रंग वाचेलच असे नाही, आणि हे सगळे आता हर्षलाताई भावातून वजा करणार. शकू ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. चुन्याचे हात तिने हळूच लुगड्याला पुसले.

ती वावोशीहून माहेरी आली त्याला चार वर्षे झाली होती. नवरा गेला, मूलबाळ नाही, दिरांनी गोडीत बोळवण केली. पदूच्या घरात तिला कोणी काही बोलत नव्हते. पण चहा केव्हा टाकायचा, दिवा केव्हा मालवायचा, टीव्ही किती मोठा लावायचा, हे सगळे दुसऱ्याच्या सोयीने. भावाने मागच्या दारची मोकळी जागा तिच्या नावे केली होती. तिथे दोन खोल्या बांधायच्या, स्वतःच्या दाराला स्वतःची कडी, एवढेच तिला हवे होते, आणि मोगरीतला तिचा निम्मा वाटा त्यासाठी होता. आज पहाटेपासून ती गवंड्याला बोलावून खोल्यांच्या आखणीसाठी चुन्याची फक्की टाकून घेत होती.

"सोळाचं किती झालं आता?" तिने विचारले.

"चौदा. कदाचित तेरा," समिधा म्हणाली.

"नि तू मागणार किती दादा?"

"बावीस."

"बावीस!" शकूचा आवाज चढला. "अर्धी गाडी बिघडवलीस नि वर बावीस? ती बाई च्या पिऊन निघून जाईल. मग मी त्या चुन्याच्या रेघांवर रांगोळी काडत बसू?"

"जाईल तर जाईल, दुसरं गिऱ्हाईक येईल. पण तेरा-चौदाला दिली तर लोक काय म्हणतील? म्हणतील येसाजी खरंच येडा हुता. बावीसची जोडी दिली नि चौदाचा डबा घेतला!"

"लोकं मेली अर्धी, ज्यांनी म्हटलं हुतं ती."

"अर्धी जिती हायत ना!"

जिजा आता नणंदेकडे सरकली. "वन्सं म्हणतात ते खरं हाय. तुमाला काय, आकडा सांगून मिरवायचंय. त्यांना घर बांदायचंय."

"तू गप. सकाळी लाल, आता वन्सं!"

शकू मोगरीच्या पांढऱ्या बाजूला भावाशेजारी येऊन उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दादा, आबांनी जोडी विकली असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय."

"तालुका नव्हता तितं. मी हुते."

पदूने तिच्याकडे पाहिले.

"तू तवा परीक्षेसाटी मामाकडं पनवेलला हुतास. मी अकरा वर्षांची. मोगऱ्याचं दावं आबांच्या हातात नि लाल्याचं माज्या. चालत गेलो नेरळपतुर. त्याच्या आदल्या हप्त्यात खालापूरची शर्यत झालेली, आठवती?"

"आठवती तर! पयला नंबर."

"पयला नंबर. पण हाकणाऱ्यानं पराणीला खिळा मारला हुता, ते नाय तुला ठाऊक. मोगऱ्याच्या मांडीतून रगत वाहत हुतं. आबांनी घरी आणून हळद भरली, नि रातभर गोठ्यातच बसले. सकाळी मला म्हणाले, चल गं शके. शेठला त्या बैलांचं येड हुतं. त्यानं इचारलं, येसाजी, किती घेणार? आबा म्हणाले, पैसं नकोत. फकस्त यांना कदी पळवायचं नाय. तुमची वाडी मोठी हाय, गवात हाय, दोगं म्हातारे हुईपतुर तितं चरू द्या."

जिजाच्या हातातला कप तसाच राहिला.

"मग घरीच ठेवायची हुती," पदू म्हणाला.

"घरी? गावानं ठेवू दिली असती? नि तू? रोज आबांच्या मागं हुतास, आबा, औंदा चौकच्या माळावर उतरवू, आबा, औंदा मी हाकतो. घरी ठेवली असती तर पळवावीच लागली असती." शकूने बॉनेटच्या कडेवर हात ठेवला आणि रंग ओला नाही ना बघून पुन्हा उचलला. "शेठला फुकट घ्यायची लाज वाटली. त्यानं गाडीची चावी आबांच्या खिशात कोंबली. आबांना गाडी येत बी नव्हती चालवता. शेठच्या डायवरनं आणून सोडली. मी पुढं बसले हुते, आबा सीटांच्या मागच्या फळीवर, पाय दुमडून."

"नि मला हे आज सांगतेस? शेचाळीस वर्षांनी?"

"मला वाटलं, आबांनी पुढं कदीतरी सांगितलं असंल!"

"आबा का नाय बोलले कदी?"

शकू हसली. "तू बाजारातून शर्ट फाडून यायचास ना, तवा आबा मला म्हणायचे, पोरगं माज्यासाटी भांडतंय बग. खूश व्हायचे रं ते. सांगितलं असतं तर तू भांडायचा थांबला असतास."

पदू त्याच पेंढ्याच्या भाऱ्यावर बसला. त्याला आधी राग आला, मग त्या सगळ्या मारामाऱ्या आठवल्या, फुटलेला ओठ, बाजारपेठेत सायकलसकट गटारात पडलेला तो, आणि घरी आल्यावर काही न बोलता पाठीवरून हात फिरवणारे आबा. त्याला रडू येत होते आणि हसूही. दोन्ही एकदम आले तेव्हा त्याने टॉवेलने तोंड पुसले आणि म्हणाला, "म्हंजे जोडीचा भाव काडायचाच नाय."

"जोडी सोडवली हुती आबांनी. तिचा भाव कसला?"

"मग गाडीचा भाव काय?"

"गाडीचा असंल तो," शकू म्हणाली. इतकी साधी गोष्ट सांगायला अख्खी सकाळ गेली होती.

हर्षलाताई अकराच्या सुमारास आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, खिशात टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन फिरणाऱ्या. समिधा पुढे होऊन काही सांगणार, तोच पदू म्हणाला, "ताई, आदी ऐका. लाल मी केली. शुक्रवारी. पोरगी नको म्हणत हुती."

ताडपत्री उघडल्यावर हर्षलाताईंनी लाल बाजूकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि म्हणाल्या, "बरं झालं आधी सांगितलंत, काका. नाहीतर मी विचार करत बसले असते की लालखाली काय लपवलंय."

त्यांनी पांढऱ्या बाजूपासून सुरुवात केली. दाराच्या खाली, चाकांच्या कमानीत, जिथे पत्रा सडतो तिथे तिथे चुंबक लावून पाहिले. चुंबक सगळीकडे टकटक चिकटत गेले. पत्र्यावर कुठे लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, भराव नव्हता. पदूने पुढचे दोन खटके सोडले आणि गाडीचे अख्खे तोंड, बॉनेट आणि मडगार्डासकट, पुढच्या बाजूला उघडले. हे उघडताना त्याला दरवेळी होणारा आनंद आजही झाला. आत टॉर्च मारून त्यांनी नंबर वाचला.

"इंजिन हेराल्डचं आहे."

"व्हय. हिचं मूळचं पंच्याऐंशी साली बंद पडलं. मुंबईहून जुन्या स्टँडर्ड हेराल्डचं आणून घातलं. नटबोल्टसुद्धा बसतात एकमेकींचे."

"चुलत बहिणीच त्या. पण मूळचं गेलं ना, मग—"

"गेलं कुटं? ते काय तितं," शकू म्हणाली आणि कोपऱ्यातल्या पेंढ्याकडे तिने बोट दाखवले. "भंगारवाल्याला द्यायला दादानं तीनदा भाईर काडलं. आबा तीनदा ओरडले, लोखंड खायला मागतं का म्हणून."

हर्षलाताईंनी पेंढा उपसला, गोणपाट काढले, ग्रीसने माखलेल्या ठोकळ्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि नंबर वाचून गाडीच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग त्यांनी टॉर्च विझवायला जरा वेळ लावला. समिधाने बापाला कोपराने ढोसले.

मागच्या फळीवर एक लोखंडी कडी जोडलेली होती. "ही कसली?"

"नवरीला धरायला," जिजाने सांगितले. "भिसेगावातली एकोणनव्वदपासूनची वरात हिच्यातूनच. नवरी वर बसायची ना, ती पडू नये म्हणून. पयल्यांदा आमच्या वन्संच बसल्या."

"घट्ट धरली हुती मी," शकू म्हणाली. "सासरी नाय, घसरगुंडीवरनं चालल्यासारकं वाटत हुतं."

हर्षलाताई हसल्या आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या. "खरं सांगू? या गाडीला तिच्या लायकीचा भाव आज कोणी देत नाही. तिच्याच काळातल्या दुसऱ्या एका विलायती गाडीला दुप्पट मिळतो, कारण ती श्रीमंतांच्या पोर्चमध्ये उभी असायची. हिला हेराल्डचं सामान चालायचं, म्हणून लोकांना वाटतं ही गरिबाघरची. पण त्यामुळेच ती चालती राहिली. पाच-सात वर्षांत चित्र बदलेल. मी आज सोडून देणार नाही, आणि जास्तही देऊ शकणार नाही, कारण लाल उतरवायला माझी दोन माणसं सहा महिने बसणार आहेत. मूळचं इंजिन मिळालं, ही जमेची बाजू. आता तुमची मागणी सांगा."

सगळ्यांनी पदूकडे पाहिले. घरातर्फे बोलायचे ते त्याने, अशी रीतच होती. बावीस हा आकडा गेले आठ दिवस जिभेवर घोळवून ठेवलेला, पण आता तिथे नव्हता. चौदा म्हणायचे, पंधरा म्हणायचे, की सोळाच धरून बसायचे, काही सुचेना. कमी म्हटले तर शकूचे नुकसान, जास्त म्हटले तर शकूचेच नुकसान. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला.

"आमच्याकडं जनावराच्या देखत भाव तोंडानं बोलत नाय. टॉवेलाखाली हात घालायचा नि बोटं धरून सांगायचा. बगणाऱ्याला कळत नाय, नि कमी-जास्त झालं तर कुणाची लाज जात नाय." आणि त्याने तो टॉवेल बहिणीच्या हातात दिला. "शके, गाडी निम्मी तुजी. माज्या निम्मीची मी वाट लावली. तूच हात घाल."

"मी? बाईमाणसानं कदी घातलाय का हात बाजारात?"

"बाजार कुटाय हितं? शेड हाय."

शकूने जिजाकडे पाहिले. जिजा म्हणाली, "घाला वन्सं. समोर बी बाईच हाय."

मग शकूने हर्षलाताईंना रीत समजावली. एक बोट धरले की एक, मूठभर बोटे म्हणजे पाच, आणि दहाच्या वरचे तेवढे मोजायचे, लाखात. टॉवेल पसरला गेला. त्याच्याखाली दोन हात गेले आणि दोघींचे चेहरे एकदम गंभीर झाले. टॉवेल इकडून हलला, तिकडून फुगला. हर्षलाताईंनी मान हलवली. शकूने ओठ घट्ट मिटले. पदू गाडीकडे पाहतच नव्हता. भाव काय ठरतोय याची त्याला उत्सुकता असायला हवी होती, पण तो बघत होता शकूचा चेहरा. चार वर्षांत या घरात कशाचा निर्णय तिने घेतलेला त्याला आठवेना. भाजी कोणती करायची हेसुद्धा ती जिजाला विचारायची. आता ती कपाळाला आठ्या घालून, नाकपुड्या फुगवून उभी होती, हुबेहूब आबा. आपण हे आधीच करायला हवे होते, असे त्याला फार वाटले.

एकदम हर्षलाताई खो खो हसत सुटल्या. "सोडा हो! दिले, दिले!"

टॉवेल खाली पडला. "किती?" समिधा आणि जिजा एकदम ओरडल्या.

"पंधरा," शकू म्हणाली. ती धापा टाकत होती.

"मी यांची चार बोटं धरली होती," हर्षलाताई हात चोळत म्हणाल्या. "लाल रंग बघितल्यावर ठरवलं होतं, चौदाच्या वर जायचं नाही. यांनी अंगठा आत खुपसला आणि काढतच नाहीत!"

समिधाने मनातल्या मनात सोळातून दोन वजा केले, इंजिनाचा एक मिळवला आणि मान डोलावली. तिचा आकडाही तोच येत होता. रंगाऱ्याला फोन करून तू आता पुढच्या जन्मी ये म्हणून सांगण्यात आले.

जेवायला वालाचे बिरडे आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. हर्षलाताई दोनदा बिरडे मागून घेऊन जेवल्या आणि विसाराची आगाऊ रक्कम देऊन, कागद झाले की टेंपो घेऊन येते म्हणाल्या. त्यांना फाटकापर्यंत सोडून समिधा तिथेच बोलत उभी राहिली. ओटीवर पदू सुपारी कातरत बसला होता. शकू दोन पायऱ्या खाली बसून, अजून अंगठा चोळत होती.

"शके," पदू म्हणाला, "माजा निम्मा वाटाबी तुलाच. पंधराच्या पंधरा घराला लाव."

"नको."

"का?"

"निम्मं माजं हाय ते माज्या हक्काचं. वरचं घेतलं तर ते घर तुजंच व्हायचं परत. मग मला कडी लावून काय मिळालं?"

"तसं नाय गं. आबांनी जोडी दिली तवा काय घेतलं? काय नाय. मग मी कशाला घेऊ? नि तू दार लावून घेतलंस तर मी वाजवीन. उघडायचं का नाय, ते तुजं तू ठरव."

शकूने अंगठा चोळायचे थांबवले. आतून जिजा भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. तिचे लक्ष पूर्ण इकडे होते, कारण भांडी एकाएकी वाजायची थांबली.

"बरं, घेते," शेवटी शकू म्हणाली. "पण मग तीन खोल्या काडीन."

"तिसरी कुणाला?"

"तुला. वैनीनं हाकलून दिलं तर जाशील कुटं?"

"आजच पाठवते!" आतून जिजा ओरडली.

पदूच्या हातातला अडकित्ता थांबला. त्याने बहिणीकडे पाहिले. चार वर्षे त्याला वाटत होते की आपण हिला घर दिलेय, आणि हिला ते कमी पडतेय. आता ती त्याला घर देत होती, आणि ते त्याला हवेहवेसे वाटत होते. डोळे भरून आले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि सुपारी पुन्हा कातरायला घेतली.

"खिडकी रस्त्याच्या अंगाला ठेव," तो म्हणाला. "मला येणारं-जाणारं दिसलं पायजे."